समोरच्या घराला ऐकू जातील असे फुटाणे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर सांच्याला वट्ट्यावर बसून फुटाणे खाल्ले. दुसरं काही नाही. पाथरीच्या बाजारातून मी भट्टीवरचे फुटाणे आणले होते, पुडीला हात लावला तर गरम लागायचे. ती पितळी वाटीत घेऊन बसली, मी शेजारी टेकलो. समोर गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडं माझ्या थोरल्या भावाचं घर. तिथल्या वट्ट्यावर वैनी जवस निवडत बसली होती.

बायको एक फुटाणा तोंडात टाकायची, समोर बघायची आणि चावायची. कडाक. मग थांबायची. आवाज तिकडं पोचला का नाही ह्याचा अंदाज घ्यायची. मग दुसरा. कडाक.

मी म्हणलो, "हळू खा की. डॉक्टरीण काय म्हणली होती? फुटाणे, ऊस, सुपारी बंद."

"डॉक्टरीण परभणीला हाय," ती म्हणली. "इथं समोर कोण बसलंय ते बगा."

मला दात नाहीत. कवळी आहे, पण ती सणासुदीला आणि सोयरे आले तरच घालतो, एरवी टोचते. मी फुटाणा तोंडात टाकतो, ह्या गालातून त्या गालात घोळवतो, मऊ पडला की हिरडीखाली दाबतो. माझा एक व्हायचा तोवर तिचे दहा व्हायचे.

वैनीनं सुपातून मान वर न करता विचारलं, "काय गं, गिरणी चालू केली का घरातच?"

गावातली पिठाची गिरणी वैनीच्या घरची. बायको म्हणली, "हौ जाऊबाई. तुमची बंद पडली तर इकडं या दळायला."

आणि हसली. पदर न लावता, दात दाखवून. वैनीनं सूप उचललं आणि आत गेली. वाटीत मूठभर फुटाणे उरले होते. ते बायकोनं कोनाड्यात ठेवले, वर ताटली झाकली. म्हणली, "ऱ्हाऊ द्या. उद्या ती दळण घालायला बसली की खाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली.

आता मागचं सांगतो, नाहीतर कुणाला वाटायचं म्हातारा-म्हातारीला काही उद्योग नव्हता, म्हणून फुटाणे वाजवत बसायचे.

वैनी वयानं बायकोपेक्षा मोठी, आणि तिचे सगळे दात तिचे स्वतःचे. अजूनही ऊस दातानं सोलते. गावात कुणाचाही दात दुखला की ती तोंड उघडून आपले दाखवते आणि म्हणते, "मी कधी मिस्री लावली न्हाई, बगा." माझ्या बायकोनं लावली. आमच्या शेतावर काम करणाऱ्या सगळ्याच बाया लावायच्या. दुपारी बांधावर बसलं की भाजल्या तंबाखूची एक डबी सगळ्यांत फिरायची. त्या मिस्रीनं तिचे दात हलायला लागले आणि एकेक करून गेले. मानवतला जाऊन कवळी करून आणली. वरची बरी बसली. खालची पहिल्यापासून डुगडुगायची. जीभ लागली की उठायची, बोलताना टकटक वाजायची. हरभरा काढायचे दिवस आले की वैनी समोरून म्हणायची, "दात हायेत तर चणे न्हाईत, चणे हायेत तर दात न्हाईत." आमचा दरसाल हरभरा असतो. म्हणजे दरसाल एकदा.

तेवढ्यावर मी कुणाशी वैर धरलं नसतं. जावाजावांचं चालायचंच. पण पुतण्याच्या लग्नात जे झालं ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

हळदीचा दिवस होता. आत बाया जमल्या होत्या, उखाणे चालले होते. माझी बायको उखाण्यात पक्की. दुसऱ्या बाया ठरलेलं तेच म्हणायच्या, ही तिथल्या तिथं जोडून म्हणायची. तिची पाळी आली. तिनं सुरू केलं, शेवटाला माझं नाव घ्यायचं ते तोंडात आलं आणि खालची कवळी निसटून पुढच्या हळदीच्या ताटात पडली. नाव अर्धंच राहिलं. तिनं हात पुढं करायच्या आत वैनीनं ती कवळी दोन बोटांत धरून वर उचलली, सगळ्यांना दिसेल अशी. हळद गळत होती. म्हणली, "कुनाचं गं हे? न्या लवकर, न्हाईतर कुत्रं नेईल."

मी बाहेर मांडवात पंगत वाढत होतो. आतून हसणं आलं. मला वाटलं, उखाणा चांगला झाला.

त्या दिवसापासून बायकोच्या तोंडाला पदर लागला. पाणी आणायला गेली तरी पदर, बाजारात गेली तरी पदर. कुणी काही विचारलं तर मान हलवून उत्तर. उखाणा तर सोडाच, ती आरतीत सुद्धा तोंड उघडेना. पुढं पुढं घरात पण. ज्या बाईनं इतकी वर्षं माझ्यासमोर बसून भाकर खाल्ली, ती भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली. मी म्हणलो, आगं मी पण बोळकाच आहे. तिनं ऐकलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक पाठ करून बसलेलं. हे वैनीनं केलं. दुसऱ्या कुणी नाही.

मानवतचा कवळी करणारा एकदा म्हणला, "बाबा, मी किती बी घासून दिली तरी आजीची खालची कवळी ऱ्हानार न्हाई. हाड झिजून सपाट झालंय. धराया काई उरलंच न्हाई. परभनीला जावा, तिथं हाडात स्क्रू बसवून दात करत्यात. ते पडत नसतेत."

बायको पदराआडून म्हणली, "पडतच न्हाईत?"

"न्हाई."

"शिंकलं तरी?"

"काई बी करा."

घरी आल्यावर म्हणली, "म्हैस इका."

आमच्याकडं एकच म्हैस. ती विकली तर एकाच तोंडाचं काम होणार होतं, ते पण निम्म्या तोंडाचं. बायको म्हणली, माझं ऱ्हाऊ द्या, तुमचं करा, तुमाला पोट भरून खाता येत न्हाई. मी म्हणलो, "वैनीवर दात तुझा हाय. मग दात बी तुलाच पाहिजेत." ती लय दिवसांनी हसली, पदराच्या आत. म्हैस मी सेलूच्या माणसाला दिली.

परभणीची दातांची डॉक्टरीण वयानं लेकीसारखी. खुर्ची वर-खाली होणारी, वर दिवा. ती म्हणली, "आजी, पदर घ्या खाली." बायको बसली तशीच. परत म्हणली, तरी तशीच. मग त्या पोरीनं स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढला आणि नुसती बसून राहिली. मग बायकोनं पदर खाली घेतला.

रक्त तपासलं. साखर फार नव्हती. डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्रात उभं करून फोटो काढला, त्यात जबड्याचं हाड दिसतं. डॉक्टरीण मला बोटानं दाखवून म्हणली, "पुढच्या बाजूला अजून हाड आहे. इथं चार स्क्रू बसतील. त्यांच्यावर खालची पूर्ण ओळ घट्ट बसवू. वर कवळीच राहील. पण लगेच दात लावायचे नाहीत, आजीचं हाड कमी आहे. हाडानं स्क्रू धरला पाहिजे. तोवर तीन-चार महिने दम धरायचा."

मी म्हणलो, "म्हंजे गोठ्याची मेढ रोवल्यावर ती मुरंस्तवर वर ओझं टाकीत न्हाईत, तसं."

"तसंच बाबा. आणि मिस्री बंद. आजपासून. मिस्री लावली तर हाड धरणार नाही, सगळं वाया."

मला वाटलं, इथंच हे मोडणार. तिनं भाकर सोडली असती, मिस्री नाही. गावात आल्यावर ती घरात न शिरता सरळ समोर गेली, मिस्रीची डबी वैनीच्या वट्ट्यावर ठेवली आणि म्हणली, "जाऊबाई, ऱ्हाऊ द्या तुमाला. तुमच्यात कुनी लावलीच न्हाई, एकदा बगा लावून." नंतर आठ-पंधरा दिवस तिचं डोकं दुखायचं, माझ्यावर विनाकारण ओरडायची. पण डबी परत आणली नाही. इतकी जिद मी तिची कधी पाहिली नव्हती. जिरवायची असली की माणसाला बळ येतं, हे मी तिच्याकडून शिकलो.

स्क्रू बसवायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून भोक पाडायच्या यंत्राचा आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. रानात बोअर मारताना मालक जसा कडेला बसून रहातो तसा मी बसलो. बायको बाहेर आली ती गाल सुजलेला, बर्फाची पिशवी धरलेली. बोलता येत नव्हतं. माझ्यापुढं चार बोटं धरली. चारी बसले.

मग ते चार महिने. ज्वारीच्या कण्या, आंबील, दुधात कुस्करलेली भाकर. खालची कवळी लावायची नाही, म्हणजे तोंड आधीपेक्षा बसलेलं. वैनीला कुठून तरी म्हशीचं कळलं. ती गल्लीतून जाताना आमच्या रिकाम्या गोठ्याकडं बघून मोठ्यानं म्हणायची, "आख्खी म्हैस तोंडात घातली बाई, आन कन्या खायलीय." बाया हसायच्या. मी उठायला लागलो की बायको माझं धोतर धरायची. तोंडातल्या तोंडात म्हणायची, "बोलू द्या. हाड धरू द्या."

हाडानं धरलं. मार्गशीर्षात डॉक्टरीणीनं खालची ओळ बसवली, आतून पेचानं आवळली आणि म्हणली, "ओढून बघा आजी." बायकोनं दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही. तिच्या हातात आरसा दिला तर तिनं तो नीट बघितला पण नाही. विचारलं, "फुटाना वाजंल का?"

डॉक्टरीण म्हणली, "वाजेल, पण खायचा नाही."

बायकोनं पुढचं ऐकलंच नाही.

तिचा बेत मोठा होता. फुटाणे हे नुसतं तोंडी लावणं. संक्रांतीला वैनीच्या सुना हळदीकुंकू करतात, सगळी भावकी, सगळी गल्ली येते. तिथं जायचं, वैनीच्या वट्ट्यावर उभं राहायचं आणि तोच उखाणा पहिल्यापासून म्हणून माझं नाव पूर्ण घ्यायचं. पदर न लावता. चुलीपुढं बसून ती उखाणा घोकायची. मी आत आलो की गप्प व्हायची. म्हणायची, "तुमी न्हाई ऐकायचा. आधी तिला ऐकू द्या." म्हणून त्याचा शेवट काय होता ते मला माहीत नाही. आता कुणालाच नाही.

संक्रांत आठवड्यावर होती.

अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्या हलवायला वाकली ती तशीच खाली बसली आणि आडवी झाली. मी रिकाम्या गोठ्यात दोर वळत होतो. आवाज आला नाही, नुसतं शेंगा चुरडल्यासारखं झालं. पाणी मारलं, हाका मारल्या. पहिली धावत आली ती वैनी, अनवाणी, हाताला पीठ लागलेलं. हे पण लिहितो, खोटं लिहायचं नाही. डॉक्टर आला, त्यानं छातीला नळी लावली आणि म्हणला, हार्ट.

बाया म्हणल्या, भाग्याची, अहेव गेली. तिला न्हाऊ घालायचं, हिरवं लुगडं नेसवायचं, कुंकू लावायचं, हा मान घरातल्या थोरल्या सवाष्णीचा. म्हणजे वैनीचा. मी बाहेर माणसांत बसलो होतो. आत काय चाललंय ह्याच्याकडं माझं ध्यान नव्हतं. मग वैनीचा आवाज आला. तिच्या पोराला हाक मारत होती, गिरणीवाल्या पुतण्याला.

"आरं, पक्कड आन. गिरनीतली."

पुतण्या उठला, गेला, पक्कड घेऊन आला. तो दारात शिरताना मी त्याच्या मागं शिरलो.

बायकोला भिंतीशी बसवलं होतं, हिरव्या लुगड्यात. एका बाईनं मागून डोकं धरलेलं. तोंड उघडं. वरची कवळी काढून बाजूला पितळी ताटात ठेवली होती, कुंकवाच्या शेजारी.

पुन्हा ताटात.

"भाऊजी, तुमी भाईर बसा," वैनी म्हणली. "खालचं निघंना गेलंय. तोंडात लोखंड हाय तिच्या. लोखंड घिऊन बाई जळत नसती, जीव घुटमळतो. सोन्याचा मनी ठिवायचाय तोंडात. लोखंडावर सोनं कसं ठिवू?"

मी म्हणलो, "हाडात रोवलंय ते."

"म्हून तर पक्कड मागवली."

हे ती रागानं म्हणली नाही. सुपातला खडा काढायचा असल्यासारखं म्हणली. मी पुतण्याच्या हातातली पक्कड घेतली. पन्नास वर्षांत मी वैनीला कधी अगं-तुगं केलं नव्हतं, तिच्यापुढं बिडी पण ओढली नव्हती.

"तुजा हात तिच्या तोंडाला लागला ना," मी म्हणलो, "तर आधी तुजे काढीन. एकेक. आन मग आज गावातून दोगी न्याव्या लागतेन."

दारातून थोरला भाऊ म्हणला, "आरं, आईसारखी हाय ती तुला."

"आईनं माझ्या बायकोचे दात कुत्र्याला दावले नव्हते."

लग्नातली गोष्ट सगळ्यांना माहीत होती. फक्त इतकी वर्षं कुणी तोंडातून काढली नव्हती.

वैनी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. म्हणली, "न्या मग. तुमची बाई हाय. उद्या राख सावडताना बगा, लोखंड तसंच ऱ्हातंय का न्हाई. तवा कुनी माज्याकडं येऊ नका, का हिचा जीव कामून सुटंना म्हून."

मी कवळी पुसली आणि वर बसवली, माझ्या हातानं. अशी कवळी मी आजवर फक्त स्वतःच्या तोंडात बसवलेली. दुसऱ्याच्या तोंडात लय अवघड जाते. सोन्याचा मणी खालच्या दातांच्या आत, जिभेवर ठेवला. तोंड मिटवलं. मग म्हणलो, "उचला."

उजेड असतानाच जाळलं. रात्रीचं लिहिण्यासारखं काही नाही.

आमच्या गावात तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाहीत, दुसऱ्याच दिवशी सकाळी राख सावडतात. भाऊ, पुतण्या आणि भावकीतले पाचसहा जण होते. राखेवर दूध-पाणी शिंपडलं, हाडं मडक्यात घ्यायला लागलो. डोकं जिकडं होतं तिकडं मी बसलो. दातांची ओळ नव्हती, जळून गेली होती, सोन्याचा मणी पण सापडला नाही. पण स्क्रू होते. करंगळीच्या पेरापेक्षा बारीक, काळपट, त्यांच्यावरचे पेच तसेच. तीन लगेच हाताला लागले. चौथा सापडेना.

भाऊ म्हणला, "चल आता, ऊन व्हायलंय."

"चार होते," मी म्हणलो, आणि राख बोटांतून गाळत राहिलो. सापडल्यावर उठलो.

पुतण्यानं माझ्या तळहातावर बघितलं. "काका, आई म्हनली तसंच झालं की. लोखंड तसंच ऱ्हायलं."

तेव्हा मला आठवलं. चार स्क्रू बसवायच्या आधी बायकोनं डॉक्टरीणीला विचारलं होतं, लोखंड गंजत नाही का तोंडात, रोज पाणी लागतं. आणि डॉक्टरीण म्हणली होती, हे लोखंड नाही आजी, वेगळा धातू आहे. नाव पण सांगितलं होतं. ते मला सांगता येणार नाही.

गिरणी मसणवाट्याच्या वाटेवरच आहे. सुतकामुळं बंद होती. गिरणीत दाणे ओततात त्या तोंडाशी एक लोहचुंबक लावलेलं असतं. धान्यात खिळा, तार, नांगराचा तुकडा आला तर ते धरून ठेवतं, दगडात जाऊ देत नाही. मी पुतण्याला म्हणलो, "कुलूप काढ. चुंबक दे."

"कशाला काका? आईला कळलं तर..."

"कळावं म्हूनच."

त्यानं बापाकडं बघितलं. भावानं मान हलवली. त्यानं चुंबक काढून दिलं. उपरण्याच्या एका टोकाला स्क्रू आणि एका टोकाला चुंबक बांधून मी घरी आलो.

आमच्यात राख सावडून आल्यावर लिंबाचा पाला चावतात, आंघोळ करतात आणि मग पहिली भाकर खातात. ती भाकर ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या चुलीवर होत नाही. भावकीतल्या थोरल्या घरातून येते. आणि ज्याचं माणूस गेलं त्यानं त्या भाकरीचा पहिला घास घेतल्याशिवाय दुसरा कुणी खाऊ शकत नाही. आदल्या दुपारपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. सगळी भावकी माझ्या वट्ट्यावर आणि अंगणात बसलेली, लेकरांना आया गप्प करत होत्या.

वैनी गल्ली ओलांडून आली. मागं सुना, डोक्यावर भाकरीची दुरडी आणि पिठल्याचं पातेलं. वैनीच्या स्वतःच्या हातात एक वेगळं ताट. माझ्यासाठी. त्यात भाकर दुधात कुस्करून आणली होती. मला दात नाहीत हे ध्यानात ठेवून आणली होती का दाखवायला आणली होती, मी विचारलं नाही.

तिनं ताट पुढं केलं. मी हात लावला नाही. उपरणं सोडलं, वट्ट्याच्या फरशीवर चारी स्क्रू मांडले, चुंबक काढलं. आधी गिरणीच्या किल्लीला लावलं, पुतण्याच्या करदोऱ्याला होती तिला. खटकन धरलं. सगळ्यांनी ऐकलं. मग स्क्रूंवर धरलं. एक पण हलला नाही. वर नेलं, खाली आणलं, वर घासलं. पडून राहिले.

भाऊ उठून आला. त्याचं आयुष्य गिरणीत गेलं, तो दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवत नाही. त्यानं चुंबक घेतलं, खाली बसला आणि एकेका स्क्रूला लावून बघितलं. मग चुंबक खाली ठेवलं.

"न्हाई धरत," तो म्हणला. "लोखंड न्हाई हे."

सगळ्यांनी वैनीकडं बघितलं. मी ह्याचीच वाट बघत होतो, मसणातून चालत येताना हेच एक डोळ्यापुढं होतं. मला वाटलं होतं तिचं तोंड उतरेल. काही उतरलं नाही. ताट तसंच धरून ती म्हणली, "नसंल तर नसंल. चांगलं झालं. लेकरं उपाशी हायत, घास घ्या आता."

एवढंच. हळदीच्या ताटाचं एवढंच, पक्कडीचं एवढंच, पदराआड गेलेल्या सगळ्या वर्षांचं एवढंच.

मी म्हणलो, "वैनी, तोंडाला पदर लावा. मग घेतो."

तिनं ताट अजून पुढं केलं.

"हळूच लावा," मी म्हणलो. "आन दुपारपर्यंत तसाच ऱ्हाऊ द्या. तिनं किती लावला ते तुमाला म्हाईत हाय. तुमी निस्तं दुपारपर्यंत लावा."

तिच्या दोन्ही हातांत ताट होतं. सून पुढं झाली ताट घ्यायला, तर वैनीनं मानेनंच तिला मागं सारलं. ताट खाली ठेवलं नाही, पदराला हात घातला नाही, ओठ मिटून उभी राहिली.

मी आत गेलो. कोनाड्यातली वाटी घेतली, ताटली बाजूला केली आणि बाहेर येऊन वट्ट्यावर बसलो, परवा सांच्याला बसलो होतो तिथंच. एक फुटाणा तोंडात टाकला.

भाऊ म्हणला, "आरं एक घास घे रं. पोरं रडायलीत."

"खायलोय की," मी म्हणलो.

फुटाणे सादळले होते. दात असते तरी वाजले नसते. मी तो ह्या गालातून त्या गालात घोळवला, हिरडीखाली दाबून बघितला, अजून मऊ पडला नव्हता. भावकी बसून होती. दुरडीतल्या भाकरी गार होत चालल्या होत्या. वैनीच्या हातातलं ताट जरा जरा हलायला लागलं होतं, वयानं हलतं तसं. तो फुटाणा गिळल्यावर मी वाटीतून दुसरा घेतला. घाई केली नाही.